प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून: एका पापभीरू मुलीचं प्रकरण

ती समुपदेशकाकडे आली तेव्हा तक्रार साधी होती. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, छातीत सतत धडधड. वय २१, पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं वर्ष, राहायला वसतिगृहात. देवावर श्रद्धा लहानपणापासूनची, घरातही सगळे श्रद्धाळू. प्रार्थनेचा विषय पहिल्या भेटीच्या अगदी शेवटी निघाला, तोही "तेवढाच एक आधार आहे मला" एवढ्याच शब्दांत. समुपदेशकाला ते ऐकून बरं वाटलं, त्यांनी तशी नोंद केली, आणि त्या नोंदीमुळे पुढचे काही महिने उपचार भलत्याच वाटेनं गेले.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मंत्रचळ म्हणजे ओसीडी: नकोसे विचार छळतात आणि ते शमवण्यासाठी माणूस त्याच त्या कृती करत राहतो. धार्मिक मंत्रचळाच्या प्रकरणांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ही मुलगी उभी केली आहे, म्हणून तिला नाव दिलेलं नाही. तिचा धर्म कोणता हेही सांगितलेलं नाही. हा त्रास वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांमध्ये नोंदला गेला आहे. प्रार्थनेचे शब्द बदलतात, नियम बदलतात, पण शंका ज्या रीतीनं माणसाला धरते ती रीत बदलत नाही.

सुरुवात कुठे झाली

आजोबा आजारी होते. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची असं तिनं ठरवलं होतं. एका संध्याकाळी प्रार्थना चालू असताना मनात एकदम आलं, "मरू देत." त्याच्या पाठोपाठ देवाला उद्देशून एक शिवी. ती जागच्या जागी गोठली. आजोबांवर तिचा जीव होता. त्यांनीच तिला प्रार्थना शिकवली होती. तिनं माफी मागितली आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्या खेपेला तो विचार आला नाही, आणि तिला हायसं वाटलं.

त्या हायसं वाटण्यातच पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ होतं. मनानं धडा घेतला: वाईट विचार आला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे सुटका.

काही दिवसांनी आजोबा गेले. वय झालं होतं, आजार मोठा होता, डॉक्टरांनी घरच्यांना आधीच कल्पना दिली होती. ती मात्र मनाशी म्हणाली, "माझ्यामुळे." हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. घरात सगळे रडत असताना ती आतल्या खोलीत प्रार्थना करत बसली होती. नातेवाइकांनी कौतुक केलं, केवढी श्रद्धा पोरीची.

त्यानंतर नियम वाढत गेले. आधी नियम होता की वाईट विचार आला तर पुन्हा करायचं. मग एखादा शब्द अडखळला तरी पुन्हा. मग लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं तरी पुन्हा. शेवटी आला तो सगळ्यात कठीण नियम: माफी मागितली खरी, पण ती मनापासून होती का? आधीच्या तीन नियमांना निदान काहीतरी शेवट होता. शब्द नीट उच्चारला की नाही हे कानाला कळतं. कुलूप लागलंय का, हात स्वच्छ झाले का, असल्या शंकांतही डोळ्यांनी पाहता येतं. मंत्रचळ असलेल्या माणसाचा त्या पाहण्यावर विश्वास बसत नाही ही गोष्ट वेगळी. पण आपण मनापासून बोललो का, हे तपासायला माणसाकडे कुठलंच साधन नाही. जितकं खोल पाहावं तितकं ते संशयास्पद वाटू लागतं. धार्मिक मंत्रचळ इतका चिवट का असतो, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. त्याची शंका अशा जागी जाऊन बसते, जिथे पुरावा पोहोचूच शकत नाही.

वीस मिनिटांची प्रार्थना वर्षभरात तीन तासांवर गेली. रात्री आईला फोन. "आई, मी मुद्दाम नाही ना तसा विचार केला?" आई म्हणायची, "नाही गं बाळा, तुझ्या मनात काही वाईट नसतं." तेवढ्यानं झोप लागायची. मग एका फोननं भागेना. आईनं सांगितलं खरं, पण तिला मी सगळं नीट सांगितलं होतं का? की थोडं लपवलं? पुन्हा फोन.

याच काळात ती सामूहिक प्रार्थनेला जाणं टाळू लागली, कारण तिथे मध्येच थांबून पहिल्यापासून सुरू करता येत नाही. धर्मग्रंथ तिनं कपाटात ठेवून दिला. तो दिसला की शिव्या आठवायच्या. आजोबांचा फोटो उलटा करून ठेवला. मैत्रिणींना वाटलं, हिचा देवावरचा विश्वास उडाला. घरच्यांना वाटत होतं, ही फारच देवभोळी झाली. दोन्ही बाजूंना अर्धंच दिसत होतं.

दोन सल्ले, दोन्ही चुकलेले

पहिल्या समुपदेशकांनी जीएडी-७ ही प्रश्नावली भरून घेतली. सात प्रश्न, एकूण गुण २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर चिंताविकाराची नीट तपासणी करावी असा संकेत आहे. तिचे गुण बरेच वर आले. ही प्रश्नावली चांगली आहे, २००६ पासून जगभर वापरली जाते. पण चिंता किती आहे हे ती सांगते. माणूस त्या चिंतेवर उतारा म्हणून काय करतो हे त्यात विचारलेलं नाही. निदान झालं सर्वसाधारण चिंताविकाराचं. श्वासाचे व्यायाम दिले गेले, झोपेचं वेळापत्रक दिलं गेलं, आणि जोडीला सल्ला: "प्रार्थनेनं तुम्हाला शांत वाटतं ना? मग ती वाढवा."

हा सल्ला निराधार नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. श्रद्धा आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे आणि बहुतेकदा तो अनुकूल असतो. श्रद्धेमुळे माणसं मिळतात, दिवसाला आकार येतो, दुःखाला अर्थ लावता येतो. पण केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञानं संकटातल्या धार्मिकतेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणूस देवाला सोबती मानतो, त्याच्यावर भार टाकतो, आपल्या माणसांकडून आधार घेतो. दुसऱ्यात त्याला वाटतं की देव शिक्षा करतोय, देवानं आपल्याला टाकलं आहे. पहिला प्रकार बऱ्या मनःस्थितीशी जोडलेला आढळतो. दुसरा नैराश्य आणि चिंतेशी. दोन्ही माणसं प्रार्थनाच करत असतात. म्हणून प्रार्थना किती करता एवढंच विचारून काहीच कळत नाही.

सल्ला मानून तिनं पहाटेची आणखी एक प्रार्थना जोडली. महिन्याभरात तीन तासांचे साडेचार झाले.

दुसरा सल्ला एका मित्राचा. तिला त्रासलेली पाहून तो कळवळून म्हणाला, "सोडून दे ना हे सगळं. देव-बिव काही नसतं." तिनं दोन दिवस प्रयत्न केला. ते दोन दिवस वर्षभरातले सगळ्यात वाईट गेले, कारण आता शंकेला नवं खाद्य मिळालं: मी देवाला सोडलं, आता घरात पुढचं कोण जाणार? श्रद्धा काढून घेतली की मंत्रचळ जातो, हा समज सुशिक्षित मंडळींत बराच पसरलेला आहे आणि तो माणसांना दुखावतो. श्रद्धा हा आजार नव्हता. आजारानं श्रद्धेची जागा बळकावली होती. ज्याला जे सर्वांत प्रिय, नेमकं तिथेच हा विकार घर करतो. नव्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात, पापभीरू माणसाला देवाला शिवी देण्याचे.

योग्य प्रश्न

पुढे ती एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी प्रार्थना संपली, हे तुला कशावरून कळतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कळत नाही. मी दमते, म्हणून थांबते."

निदान या उत्तरात होतं. भक्तीनं तासन्‌तास प्रार्थनेत रमणारी माणसं असतात आणि त्यांना कुणी आजारी म्हणू नये. त्यांना विचारलं तर ती उठताना हलकी झालेली असतात, किंवा निदान पूर्ण झाल्याची भावना तरी असते. हिची प्रार्थना भीती उतरवण्यासाठी सुरू व्हायची आणि अंगातली ताकद संपली की थांबायची. मधे देव कुठेच नव्हता. ती पूर्ण वेळ स्वतःच्या मनावर पहारा देत होती. "शेवटचं देवाशी बोलल्यासारखं कधी वाटलं?" या प्रश्नावर तिला रडू फुटलं.

मंत्रचळाची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मोजपट्टीवर (१० बाबी, ४० गुण) तिचे गुण २४ ते ३१ या गंभीर गटात आले. जीव द्यावासा वाटतो का, हेही बाईंनी त्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारलं. कधी कधी वाटतं, पण तेही पाप, म्हणून पुन्हा प्रार्थना, असं ती म्हणाली. अशा उत्तरानंतर "मग ठीक आहे, श्रद्धेनं तिला धरून ठेवलंय" म्हणून पुढे जाणं धोक्याचं असतं. घरच्यांना तिच्या परवानगीनं त्याच आठवड्यात बोलावलं गेलं आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं गेलं.

तिला आजार समजावून सांगताना बाईंनी तीन गोष्टींवर वेळ दिला. एक, असे विचार बहुतेक सगळ्यांना येतात. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी आजार नसलेल्या माणसांच्या मनात येणारे नकोसे विचार गोळा केले. त्यांचा आशय मंत्रचळाच्या रुग्णांच्या विचारांसारखाच निघाला. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती छळतो आणि झटकता येतो का यात. दोन, विचार दाबला की तो उसळतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं. लोकांना ते जमलं नाही, आणि नंतर मुभा मिळाल्यावर अस्वल आणखी जास्त आलं. तीन, विचार आणि कृती यांची गल्लत. वाईट विचार आला म्हणजे वाईट केल्यासारखंच, आणि विचार आला म्हणून ती घटना घडेल, अशा दोन तऱ्हांची ही गल्लत असते. तिच्या बाबतीत दोन्ही होत्या.

आई त्या दिवशी सोबत होती. ती पटकन म्हणाली, "मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच की!" मुलगी आईकडे बघतच राहिली. वर्षभर तिला वाटत होतं की जगात हे फक्त तिच्याच मनात येतं, आणि इथे आईच्या तोंडी त्याची म्हण होती.

हे दुखणं जुनंही आहे. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी मनाच्या व्याधींत छळणाऱ्या विचारांना राग, भीती आणि दुःख यांपासून वेगळं स्थान दिलं होतं. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मॅनरेसा इथे ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांना आपण आपल्या पापांची कबुली पूर्ण दिली नाही अशा शंकेनं घेरलं. ते पुन्हा पुन्हा कबुली देत, तरी समाधान होईना. जीव देण्याचे विचारही आले. त्यांच्या गुरूंनी सांगितलं, जुनी पापं पुन्हा सांगू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. आणि इग्नेशियसना तर सगळंच स्पष्ट वाटत होतं! सूट देणाऱ्या नियमातूनही शंकेनं वाट काढली. जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायचीच नाही असं त्यांनी ठरवलं तेव्हा सुटका झाली. आजच्या उपचाराचा गाभा याहून फार वेगळा नाही.

उपचार

या उपचाराला भीतीला सामोरं जाणं आणि प्रतिसाद रोखणं असं म्हणतात. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर तो यशस्वी झाल्याचं लिहिलं, आणि आज मंत्रचळावर सर्वाधिक आधार असलेला मानसोपचार तोच आहे. शंका येऊ द्यायची, भीती चढू द्यायची, आणि ती उतरवण्यासाठी नेहमी जे करतो ते करायचं नाही. भीती आपसूक ओसरते, किंवा ओसरली नाही तरी ती सोबत असताना जगता येतं हे कळतं.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे तुम्ही मला पाप करायला सांगणार?" हा प्रश्न योग्य आहे आणि उपचार करणाऱ्यानं तो हलक्यात घेऊ नये. तिच्या धर्मात जे खरोखर निषिद्ध आहे ते करायला लावण्याची गरज नसते, तसं करूही नये. देवाची निंदा करण्याचा सराव तिच्याकडून करून घ्यायचा नव्हता. सराव करायचा होता तो खात्री नसताना उठून जाण्याचा.

पण निषिद्ध काय आणि आजारानं रचलेला नियम कोणता, हे ठरवणार कोण? मानसशास्त्रज्ञाला तो अधिकार नाही. म्हणून तिच्या विश्वासातल्या धर्मगुरूंना एकदा बोलावलं. आधी याच सद्‌गृहस्थांनी तिला प्रेमानं सांगितलं होतं, "शंका वाटत असेल तर आणखी एकदा कर, मन लावून कर." आजाराची चक्रं कशी फिरतात हे ऐकल्यावर ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "आमच्याकडे एकदा केलेली प्रार्थना पुरते. शब्द चुकला तरी पुरते. आजाऱ्याला तर त्याहून सवलत आहे." सामान्य माणूस किती वेळ प्रार्थना करतो, हे त्यांनीच सांगितलं: सुमारे पंधरा मिनिटं. ते लक्ष्य ठरलं. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली. यापुढे तिनं धर्मविषयक शंका विचारली तर ते उत्तर देणार नाहीत. हे त्यांना जड गेलं. उत्तर देणं हेच त्यांचं काम. पण या मुलीसाठी प्रत्येक उत्तर घोटभर दिलासा आणि उद्याची दुप्पट तहान होतं.

आईला सगळ्यात जड गेलं. फोनवर मुलगी रडतेय आणि "नाही गं बाळा" म्हणायचं नाही! मग तिच्यासाठी एक वाक्य तिघींनी मिळून तयार केलं: "हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. तुझ्याशी मात्र हवं तेवढं बोलेन." सुरुवातीच्या काही रात्री मुलीनं रागानं फोन ठेवून दिला. आईनं बाईंना विचारलं, "मी दुष्टपणा तर करत नाहीये ना?" खरं पाहता आईलाही खात्री हवी होती, आणि तिलाही ती पूर्ण मिळाली नाही.

पायऱ्या अशा चढत गेल्या. आधी एक शब्द अडखळला तरी पुढे जायचं. मग लक्ष उडालं तरी पुढे जायचं. मग धर्मग्रंथ टेबलावर ठेवायचा. आजोबांचा फोटो सरळ करायचा आणि त्यांच्याकडे बघताना जे येईल ते येऊ द्यायचं. एका कागदावर लिहायचं, "माझी माफी मनापासून होती की नाही हे मला कधीच कळणार नाही," आणि ते रोज वाचायचं. बरोबर गोळ्या चालू होत्या. मंत्रचळासाठी एसएसआरआय गटातली (नैराश्यावरही दिली जाणारी) औषधं बहुतेकदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडेही जातात. हे आधी सांगितलं नाही तर माणसं तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून गोळ्या बंद करतात.

मध्येच सुधारणा अडली. प्रार्थना वीस मिनिटांवर आली होती, फोन थांबले होते, तरी चेहरा तसाच ओढलेला. बाईंनी खोदून विचारल्यावर कळलं, ती चालताना, जेवताना, वर्गात बसल्यावर मनातल्या मनात माफी मागत होती. बाहेरची कृती थांबली की आतली सुरू होते, हे या विकारात नेहमी घडतं आणि नेहमी निसटतं, कारण ते कुणाला दिसत नाही. शिवाय रात्री मोबाइलवर ती लोकांचे धार्मिक प्रश्न आणि त्यांची उत्तरं शोधत होती. आईची जागा आता मोबाइलनं घेतली होती. मग या दोन्ही गोष्टी सरावात घेतल्या. मनात माफी आली की त्यावर मुद्दाम म्हणायचं, "कदाचित मिळाली, कदाचित नाही," आणि हातातलं काम चालू ठेवायचं.

सात-आठ महिन्यांनी येल-ब्राउन मोजपट्टीवरचे गुण ८ ते १५ या सौम्य गटात आले. नकोसे विचार अजून येतात, आठवड्यातून बऱ्याचदा येतात. प्रार्थना पंधरा मिनिटांची आहे. सामूहिक प्रार्थनेला ती पुन्हा जाऊ लागली आहे. तिथे एकदा मधेच शिवी आली, आणि ती शेवटपर्यंत बसून राहिली, हे तिनं बाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. "देवावर सोडलं," असं ती म्हणाली. वर्षभर ती देवावर काहीच सोडत नव्हती. सगळा हिशेब स्वतःच ठेवत होती.

एक काम मात्र आत्ता कुठे सुरू झालं आहे. आजोबांचं दुःख तिनं केलंच नव्हतं. अपराधाच्या ओझ्याखाली ते दबून राहिलं होतं, आणि ओझं हलल्यावर वर आलं. मध्यंतरी ती सलग काही दिवस रडत होती आणि घरच्यांना वाटलं आजार उलटला. तो उलटला नव्हता. या रडण्यात पुन्हा पहिल्यापासून करण्याची ओढ नव्हती, कुणाकडून खात्री मागणं नव्हतं. आजोबांच्या आठवणी होत्या. आता भेटींमध्ये त्यांच्याविषयीच जास्त बोलणं होतं.

गोळ्या किमान वर्षभर चालू राहतील आणि मग तज्ज्ञांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी होतील. परीक्षा, घरातलं आजारपण, अपुरी झोप अशा वेळी शंका पुन्हा जोर धरेल हे तिला आणि आईला सांगून ठेवलं आहे. प्रार्थना सलग तीन दिवस अर्ध्या तासाच्या वर गेली किंवा आईला तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर वाट न पाहता बाईंची वेळ घ्यायची, असं तिघींमध्ये ठरलं आहे. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी कळवायचं, तेही ठरलं आहे.